एका फ्लॅटवर दोन कर्जं, दोन्ही तिसऱ्या बँकेत नेली : टेकओव्हर सर्व्हिसचा रिव्ह्यू (धायरी, पुणे)

एकाच फ्लॅटवर दोन वेगळ्या ठिकाणची कर्जं होती आणि दोन्ही उचलून तिसऱ्या बँकेत नेली, ते काम ज्यांनी करून दिलं त्यांच्या सर्व्हिसचा हा रिव्ह्यू आहे. बँक सरकारी, सिंहगड रोड भागातली शाखा. नाव लिहीत नाहीये, कारण एकाच बँकेच्या दोन शाखांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि मला जे सांगायचंय ते त्या शाखेतल्या लोन डेस्कबद्दल आहे. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांचीही नावं नकोत. ५ पैकी ४ देते, एक का कापला ते पुढे येईल.

आधी परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. २०१७ मध्ये एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून २० वर्षांचं होम लोन घेतलं होतं. २०२१ च्या शेवटी सासऱ्यांच्या आजारपणात मोठा खर्च आला, त्या कंपनीने टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) द्यायला नकार दिला, मग एका नागरी सहकारी बँकेने त्याच फ्लॅटवर दुसरा बोजा (गहाणाचा हक्क) चढवून १२ वर्षांचं कर्ज दिलं. त्यासाठी पहिल्या कंपनीची एनओसी आणावी लागली, रजिस्ट्रेशन ऑफिसात गहाणखत रजिस्टर झालं, सोसायटीच्या रजिस्टरला दोन्ही बोज्यांची नोंद झाली. रेट १२.५० टक्के, फिक्स्ड. तेव्हा दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं आणि पैसे वेळेवर आले, त्यामुळे त्या सहकारी बँकेबद्दल माझ्या मनात आजही चांगलंच आहे.

या वर्षाच्या सुरुवातीला चित्र असं होतं : होम लोन ३१ लाख बाकी, ९.२५ टक्के, १३ वर्षं राहिलेली. दुसरं कर्ज ९ लाख बाकी, ८ वर्षं राहिलेली. हप्ते साधारण ३४,२०० आणि १४,९००, म्हणजे दर महिन्याला ४९,१०० रुपये घरावर. आता २०१७ चं २० वर्षांचं लोन म्हणजे ११ वर्षं राहायला हवीत, १३ कशी? तर २०२२-२३ मध्ये रेट वाढत गेले तेव्हा हप्ता तसाच ठेवून मुदत लांबवली गेली. हे खूप जणांच्या बाबतीत झालंय. तुमच्या स्टेटमेंटवर किती हप्ते बाकी आहेत ते आजच बघा, बऱ्याच घरांत ते कोणी बघितलेलंच नसतं. आता रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की रेट बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत याचा पर्याय ग्राहकाला द्यायला हवा, तो ऑगस्ट २०२३ च्या सर्क्युलरमध्ये आला.

दुसरी गोष्ट, रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० ला गेला होता, २०२५ च्या फेब्रुवारीपासून खाली यायला लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला, म्हणजे सव्वा टक्का कमी. आमच्या होम लोनला तेवढा फायदा आला का, तर नाही. कारण ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडावी लागतात आणि निदान दर तीन महिन्यांनी रेट रीसेट करावा लागतो, पण हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ते बंधन नाही. त्यांचा स्वतःचा पीएलआर (मूळ दर) असतो, तो कधी आणि किती खाली आणायचा ते त्या ठरवतात. आणि सहकारी बँकेचं तर फिक्स्डच, त्याला रेपोशी घेणं-देणं नाही.

मग रीफायनान्स (कमी रेटचं नवीन कर्ज काढून जुनं फेडणं) करायचं ठरलं. एकच कर्ज असेल तर हे काम आता खरंच सोपं आहे, दर दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी फोन करून ऑफर देतं. दोन कर्जं आहेत, दोन ठिकाणची आहेत म्हटलं की मात्र समोरच्याचा आवाज बदलतो. एका खाजगी बँकेने सांगितलं की पहिलं आम्ही घेतो, दुसरं तुमचं तुम्ही बघा. पण ते होतच नाही, आणि का होत नाही ते समजून घ्या कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. घरावर जो आधी बोजा चढवतो त्याचा हक्क पहिला. पहिलं कर्ज फिटलं की मागे उभा असलेला दुसरा पुढे सरकतो, बसच्या रांगेसारखं. मग नवीन बँकेने ३१ लाख मोजायचे आणि स्वतः ९ लाखवाल्याच्या मागे उभं राहायचं? कुठलीच बँक त्याला तयार होत नाही. एक तर दुसऱ्या कर्जवाल्याने लिहून द्यायला हवं की मी मागेच राहतो (तसं लिहून द्यायला सहकारी बँक तयार नव्हती आणि त्यांच्या जागी मीही नसते), नाहीतर दोन्ही कर्जं एकदम फेडायची.

फर्ग्युसन रोडला ऑफिस असलेला एक लोन एजंट होता, तो म्हणाला टेन्शन घेऊ नका, ४० लाखांचं एकच नवीन लोन करून देतो, २० वर्षं, ७.७५ टक्के, हप्ता ३२,८०० फक्त. ४९,१०० वरून ३२,८००! महिन्याला १६ हजार हातात. खरं सांगते, घरात सगळ्यांचे चेहरे उजळले. नवरा तर म्हणाला की सही करून टाकू. पण मी एक्सेल उघडून बसले आणि ते आकडे इथे देते कारण मला वाटतं या सगळ्या लिखाणात हाच भाग सगळ्यात जास्त जणांच्या उपयोगाचा आहे. आहे तसं चालू ठेवलं असतं, काहीच केलं नसतं, तर दोन्ही कर्जं फिटेपर्यंत आम्ही अजून साधारण ६७ लाख ६७ हजार भरले असते. त्या एजंटच्या स्कीममध्ये ३२,८३८ गुणिले २४० हप्ते म्हणजे ७८ लाख ८१ हजार. रेट कमी झाला, हप्ता कमी झाला, आणि तरी ११ लाख जास्त! कारण ८ वर्षांत संपणारं कर्ज २० वर्षांवर गेलं आणि १३ वर्षांचंही २० वर गेलं. हा एजंट काही खोटं बोलत नव्हता, प्रत्येक आकडा खरा होता, त्याने फक्त एकूण बेरीज दाखवली नाही. ज्यांचा पगारच कमी झालाय, हप्ता झेपतच नाहीये, त्यांच्यासाठी मुदत वाढवणं ही गरज असते आणि त्यांनी जरूर करावं. पण ज्यांना हप्ता झेपतोय त्यांनी राहिलेल्या वर्षांपेक्षा एक महिनाही जास्त मुदत घेऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

आता मूळ रिव्ह्यू. या सरकारी बँकेच्या शाखेत आम्ही नेहमीच्या कामाला गेलो होतो आणि तिथल्या लोन ऑफिसर मॅडमना सहज विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रेटचा नव्हता. त्या म्हणाल्या, "ओरिजिनल कागद कोणाकडे आहेत आणि दुसऱ्याचं गहाण रजिस्टर आहे का साधं?" तेव्हाच मला वाटलं की यांनी हे काम केलेलं आहे. कारण आमच्या केसमध्ये अॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा उतारा) वगैरे ओरिजिनल कागद फायनान्स कंपनीकडे आणि रजिस्टर्ड गहाणखत सहकारी बँकेकडे, म्हणजे गाठ दोन ठिकाणी.

मॅडमनी एका कागदावर काढून दाखवलं की दोन्ही कर्जं आपल्याकडे आली तरी ती एक होणार नाहीत, खाती दोनच राहतील. होम लोनचं टेकओव्हर ३१ लाख, ७.५० टक्के, १३ वर्षं. सहकारी बँकेचं ९ लाख हे टॉप-अप म्हणून, ८.५० टक्के, ८ वर्षं. गहाण एकच, बँक एकच, खाती दोन. मी विचारलं की एकच का नाही करत, तर त्यांनी तीन कारणं दिली आणि तिन्ही मला पटली. एक म्हणजे सगळं टॉप-अपच्या जास्त रेटमध्ये जायला नको. दुसरं, मुदती वेगळ्या ठेवता येतात. तिसरं इन्कम टॅक्सचं : होम लोन फेडायला घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट चालू राहते, स्वतः राहत असलेल्या घराला २ लाखांपर्यंत, पण आजारपणासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज त्यात धरता येत नाही, मग ते घरावर काढलेलं असलं तरी. खाती वेगळी असली की सर्टिफिकेटं वेगळी येतात, हिशोब स्वच्छ राहतो. अर्थात हे जुनी टॅक्स रिजीम घेणाऱ्यांसाठी, नव्या रिजीममध्ये राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही.

नवीन हप्ते ३१,१६६ आणि १२,९५३ झाले, मिळून ४४,१०० च्या आसपास. महिन्याला साधारण ५ हजार वाचतात, शेवटपर्यंतची बेरीज ६१ लाख ५ हजार, म्हणजे ६ लाख ६० हजारांच्या वर बचत. आणि आम्ही घरात असं ठरवलं की आधी ४९,१०० जात होतेच ना, मग तेवढेच जाऊ देत. ते वरचे ५ हजार दर महिन्याला टॉप-अप खात्यात जास्तीचे भरतो, कारण त्याचा रेट जास्त. असं केलं तर ते ९ लाख ८ वर्षांऐवजी सव्वापाच वर्षांच्या आत संपतात, आणि तिथून पुढे सगळे ४९ हजार होम लोनला लावले तर अख्खं घर साडेनऊ वर्षांच्या आसपास मोकळं होतं. १३ ऐवजी साडेनऊ! फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक कर्जात असे जास्तीचे पैसे भरायला चार्ज लागत नाही. माझी मुलगी आत्ता सहावीत आहे, ती कॉलेज संपवायच्या सुमाराला आमच्या डोक्यावर काही नसेल, हा विचार करूनच मला बरं वाटतं.

आता प्रक्रिया. सर्च (मालकी आणि बोज्यांची तपासणी) आणि व्हॅल्युएशनवर फार लिहीत नाही, सगळीकडे तेच असतं, पॅनेलवरच्या वकिलांनी जुने रेकॉर्ड बघितले, व्हॅल्युअर येऊन फोटो काढून गेले, ६८ लाख व्हॅल्युएशन आलं. ३० ते ७५ लाखांच्या होम लोनला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं, त्यात आम्ही आरामात बसत होतो. धायरी-नऱ्हे-आंबेगाव भागातल्या लोकांसाठी एक सांगते. आपली धायरी पूर्णपणे महापालिकेत २०१७ ला आली, त्यामुळे आधीच्या बिल्डिंगांचा प्लॅन कोणी मंजूर केलाय हे बँक बारकाईने बघते. आमचा कलेक्टरने मंजूर केलेला आहे, एनए (बिगरशेती) ऑर्डर आणि कम्प्लीशन सर्टिफिकेट सोसायटीकडे होतं म्हणून निभावलं. नुसत्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगांना बहुतेक बँका हात लावत नाहीत, तेव्हा फी भरायच्या आधीच हे कागद दाखवून घ्या.

खरी परीक्षा होती दोन ठिकाणांहून फोरक्लोजर लेटर काढायची. हे लेटर म्हणजे अमुक तारखेपर्यंत कर्ज बंद करायला इतके पैसे लागतील आणि त्यापुढे दर दिवसाला इतकं व्याज. आमच्या ३१ लाखांवर दिवसाला ७८५ रुपये होतं. फायनान्स कंपनीत अर्ज दिल्याबरोबर त्यांच्याकडून फोन, मॅडम जाऊ नका, आम्ही ८.६० करून देतो, थोडी कन्व्हर्जन फी (रेट बदलायची फी) भरा. इतकी वर्षं रेट कमी करा म्हणून मेल टाकत होतो त्याला उत्तर नव्हतं आणि जायला निघाल्यावर एका फोनमध्ये ०.६५ टक्के कमी, याचा मला मनापासून राग आला. पण रागाच्या पलीकडे जाऊन सांगते, ज्यांचं एकच कर्ज आहे आणि थोडीच वर्षं राहिलीत त्यांनी ही ऑफर नीट बघावी, कारण त्यात नव्याने स्टॅम्प ड्यूटी नाही, वकील नाही, कागद हलत नाहीत. आमच्या बाबतीत १२.५० वालं तसंच राहिलं असतं म्हणून नाही म्हटलं. त्यानंतर त्यांचं लेटर निघायला जो वेळ लागला तो विचारू नका. आज सिस्टिम बंद, उद्या साहेब नाहीत, परवा कागदांची यादी दुसऱ्या शहरातून येणार. ही यादी, म्हणजे एलओडी, तुमच्या लेटरइतकीच महत्त्वाची आहे. तुमचे कुठले ओरिजिनल कागद त्यांच्याकडे आहेत त्याची ती यादी असते आणि नवीन बँक त्याशिवाय चेक काढत नाही.

आणि इथेच गाठ दिसली. फायनान्स कंपनी म्हणे, आमच्या फाइलला दुसऱ्या बोज्याची नोंद आहे, त्यामुळे पैसे आले तरी सहकारी बँकेची एनओसी असल्याशिवाय आम्ही कागद तिसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही. सहकारी बँक म्हणे, आमचे पैसे जमा झाल्याशिवाय एनओसी नाही. आणि नवीन बँक म्हणे कागद मिळतील याची खात्री झाल्याशिवाय पैसे नाहीत. तिघंही आपापल्या जागी बरोबर! अशा वेळी सामान्य माणूस तिघांच्या मध्ये फिरत राहतो.

या शाखेला मी ४ मार्क देतेय ते या टप्प्यासाठी. मॅडमनी स्वतः सहकारी बँकेच्या मॅनेजरना फोन केला आणि त्यांच्या बँकेने द्यायच्या एका पत्राचा मसुदा करून पाठवला : अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम आमच्याकडे जमा झाली की आमचा बोजा संपेल, गहाण सोडल्याचा दस्त आम्ही रजिस्टर करून देऊ, आणि ओरिजिनल कागद नवीन बँकेला थेट द्यायला आमची हरकत नाही. पत्र नवीन बँक आणि फायनान्स कंपनी, दोघांच्याही नावे. सहकारी बँकेने ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह दिलं. पत्र पैशाच्या अटीवर होतं त्यामुळे त्यांना धोका काही नव्हता, नवीन बँकेला खात्री मिळाली आणि फायनान्स कंपनीला एनओसी. एका पानाच्या पत्राने सगळं सुटलं. तुमच्यावर दोन कर्जं असतील तर हे पत्र पहिल्याच भेटीत मागून ठेवा आणि नवीन बँकेच्या वकिलाकडून त्याची भाषा तपासून घ्या.

दोन्ही पे ऑर्डर एकाच दिवशी निघाल्या, सकाळी सहकारी बँकेत, दुपारी फायनान्स कंपनीत, दोन्हीकडे बँकेचा माणूस आमच्या बरोबर होता. दोन्ही लेटरच्या मुदती एकमेकांत बसतील अशीच तारीख मॅडमनी निवडली होती, शिवाय जुने हप्ते कापून झाल्यानंतरची, म्हणजे नवीन कर्ज सुरू आणि जुना हप्ताही गेला असं होणार नाही. एनएसीएच मॅंडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) बंद करायचा अर्ज दोन्हीकडे त्याच दिवशी देऊन पोच घ्या, हे त्यांनीच आठवण करून दिलं. सहकारी बँकेने गहाण सोडल्याचा दस्त सांगितल्याप्रमाणे हवेलीच्या रजिस्ट्रेशन ऑफिसात येऊन करून दिला, त्यांचे अधिकारी वेळेवर हजर होते. रजिस्टर्ड गहाणखत असेल तर नुसत्या नो-ड्यूज लेटरवर (काही बाकी नाही असं पत्र) थांबू नका बरं का, तो बोजा सर्चमध्ये दिसतच राहतो, सोडल्याचा दस्तही रजिस्टरच हवा.

खर्च किती आला हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. महाराष्ट्रात कागद जमा करून गहाण ठेवताना कर्जाच्या ०.३ टक्के स्टॅम्प ड्यूटी लागते, ४० लाखांवर १२,०००, आणि जुन्या कर्जांच्या वेळी भरली होती म्हणून सूट वगैरे काही नसते, नवीन बँक म्हणजे नव्याने. नोटीस ऑफ इंटिमेशनची (गहाण ठेवल्याची रजिस्ट्रेशन ऑफिसला द्यायची सूचना) फायलिंग फी वेगळी, ती ३० दिवसांच्या आत फाइल करावी लागते, बँकेनेच ऑनलाइन करून दिली. होम लोन फ्लोटिंग असल्याने फायनान्स कंपनीला बंद करायचा चार्ज लावता आला नाही. सहकारी बँकेचं फिक्स्ड होतं, तिथे करारात २ टक्के लिहिलेले होते, ९ लाखांवर १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. रिझर्व्ह बँकेचे जुलै २०२५ मध्ये नवे नियम आले, पण ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना आहेत आणि फ्लोटिंगलाच आहेत, जुन्या फिक्स्ड कर्जाला तुमचा करार लागू. प्रोसेसिंग फी अर्धी माफ होती. वकील, व्हॅल्युअर, दस्ताचा खर्च सगळं धरून ५५ हजारांच्या आत झालं. महिन्याला ५ हजार वाचतायत, म्हणजे ११ महिन्यांत वसूल.

आता तो कापलेला एक मार्क. मंजुरीनंतर सह्या करायला जो गठ्ठा समोर आला त्यात लोन प्रोटेक्शन इन्शुरन्सचा फॉर्म होता, आधीच भरलेला, प्रीमियम टॉप-अपच्या रकमेत मिळवलेला. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या, दुसऱ्या टेबलवरच्या सरांनी सांगितलं की हे सगळेच घेतात, फाइल लवकर पुढे सरकते. हे चुकीचं आहे. कर्जाबरोबर विमा घेणं सक्तीचं नाही आणि घ्यायचाच असेल तर साधा टर्म प्लॅन स्वतः बाहेरून घेता येतो, ज्याच्या प्रीमियमवर तुम्ही ८ वर्षं व्याज भरत नाही. आम्ही नाही म्हणून सांगितलं, थोडी नाराजी दिसली, मग मॅनेजरना भेटून तो फॉर्म काढून टाकला आणि नवीन केएफएस मागितलं. केएफएस म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, ऑक्टोबर २०२४ पासून नवीन किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. विमा काढल्यावर तो आकडा खाली आला ते डोळ्यांनी दिसलं. दोन खाती असतील तर केएफएस दोन मागा. आमच्या जागी माझे आई-बाबा असते तर त्यांनी साहेब सांगतायत म्हणून सही केली असती, म्हणून हा मार्क कापला आणि मॅनेजरना तसं लिहूनही दिलं.

मॅडम नसताना कोणाला काहीच माहीत नसणं, ही दुसरी उणीव. सगळी फाइल एका माणसाच्या डोक्यात. त्यांची बदली झाली तर पुढच्या माणसाला हीच सर्व्हिस मिळेल का, हे मी सांगू शकत नाही. सरकारी बँकांत बदल्या होत असतात, त्यामुळे फाइल देण्याआधी विचारा की दोन ठिकाणचं टेकओव्हर तुमच्याकडे आधी कोणी केलंय आणि ती व्यक्ती अजून इथे आहे का.

कोणासाठी योग्य? ज्यांचं दुसरं कर्ज पहिल्यापेक्षा दोन-तीन टक्के महाग आहे, बरीच वर्षं राहिलीत, सिबिल चांगलं आहे आणि कागद पूर्ण आहेत, त्यांनी जरूर जावं. घाई असेल तर अवघड आहे, खाजगी बँका जास्त चपळ असतात, पण दुसऱ्या बोज्याचं नाव काढलं की मला तरी तिथे कोणी नीट उत्तर दिलं नाही. आणि एजंटला भेटलात तर एकाच वेळी पाच बँकांत फाइल टाकू देऊ नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलवर होते.

कागदांचं शेवटचं. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत ओरिजिनल कागद सोडावे लागतात, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. फायनान्स कंपनीकडून आमचे कागद नवीन बँकेकडे मुदतीत पोचले, पण यादी ताडताना स्टॅम्प ड्यूटीची एक जुनी पावती कमी निघाली, मॅडमनी लगेच लेखी कळवलं म्हणून ती पाठोपाठ आली. एलओडी हातात धरून प्रत्येक कागद स्वतः टिक करा, बँकेचा माणूस करतोय म्हणून बाजूला बसू नका. सेरसाइच्या (गहाणांच्या केंद्रीय रजिस्टरच्या) नोंदीत दोन्ही जुने बोजे संपल्याचं दिसतंय का ते विचारा, सिबिलला दोन्ही खाती क्लोज्ड दिसली पाहिजेत, बँका आता निदान पंधरवड्याला तरी माहिती पाठवतात त्यामुळे फार थांबावं लागत नाही. आणि सोसायटीला विसरू नका. आमच्या सेक्रेटरी काकांना दोन्ही नो-ड्यूज आणि गहाण सोडल्याच्या दस्ताची कॉपी दिली, त्यांनी कमिटी मीटिंगमध्ये घेऊन रजिस्टरमधले दोन्ही जुने बोजे कमी केले आणि नवीन बँकेची नोंद घातली. त्याचं सोसायटीचं पत्र बँकेत जमा करायचं असतं, त्याची पोच फाइलला लावून ठेवा.